टपावरचं ओझं



सुगी उरकली, पोरांच्या शाळेला सुट्टी लागली, की घराघरांत एकच विषय निघतो. यंदा कुठं जायचं? पूर्वी एस.टी.च्या टपावर वळकटी चढवली की आपली काळजी संपायची. आता बऱ्याच घरांपुढं चार चाकं उभी आहेत. कुणाची बोलेरो, कुणाची एर्टिगा, कुणी भावकीतल्याची जुनी घेतलेली. गाडी सात जणांची आणि माणसंही सात. पण मागचं बाक माणसांनी भरलं की सामानाला जागा उरत नाही. मग सगळ्यांची नजर टपाकडं जाते.

आमचीही गेली होती. तेव्हा काय झालं ते आधी सांगते, मग सल्ला देते. सल्ला फुकट मिळतो, पण हा आम्हाला फुकट मिळालेला नाही.

२०२२ सालची दिवाळी. आम्ही कराडकडची माणसं. कोकरूड, मलकापूर करत आंबा घाटानं गणपतीपुळ्याला निघालो होतो. गाडीत आम्ही दोघं, आत्याबाई, धाकटे भाऊजी, जाऊबाई आणि दोन पोरं. टपावर लोखंडी कॅरियर, तालुक्याच्या गावी वेल्डिंग करून घेतलेला. त्यावर ट्रंक, तीन वळकट्या, शिध्याचं पोतं, स्टोव्ह, भांडी आणि पाण्याचा कॅन. वरून ताडपत्री आणि नायलॉनची दोरी. भाऊजींनी दोरी अशी आवळली होती, की आम्ही म्हटलं, आता भूकंप झाला तरी हलायची नाही.

घाट उतरताना एका वळणावर टपावर कट्‌ असा आवाज झाला. दोरी कॅरियरच्या धारेवर घासून तुटली होती. ट्रंक मागच्या बाजूनं रस्त्यावर गेली. मागं मोटारसायकल होती. नवरा-बायको आणि मधे तीन-चार वर्षांचं पोर. त्या माणसानं गाडी डोंगराच्या कडेला गटारात घातली म्हणून वाचले. गुडघे-कोपरं सोलली, बाईच्या हातातल्या बांगड्या फुटून मनगट रक्तानं भरलं. पोराला खरचटलंसुद्धा नाही. आम्ही धावत गेलो. मला वाटलं, आता हा माणूस शिव्या घालणार. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, ओझं तुमचं, पण आलं आमच्यावर."

मंडळी, शिव्या घातल्या असत्या तर मी विसरले असते. हे वाक्य काही विसरत नाही. त्यांना साखरप्याला दवाखान्यात नेलं, मलमपट्टी केली, घरी पोचवलं. पुळ्याला गेलो, पण कुणाच्या तोंडाला चव नव्हती.

घरी आल्यावर ह्यांनी पहिलं काम केलं ते गाडीबरोबर आलेली पुस्तिका शोधण्याचं. ती इतकी वर्षं कपाटात विम्याच्या कागदाखाली पडून होती. तुम्हीही शोधा. त्यात छतावर किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं. बहुतेक घरगुती गाड्यांना ते ५० पासून १०० किलोपर्यंत असतं. आमच्या गाडीला ७५. आणि मेख अशी, की त्या ७५ मध्ये नुसतं सामान नाही, तर कॅरियर किंवा डबा, त्याच्या आडव्या दांड्या, सगळंच धरायचं.

मग ह्यांनी धान्याचा काटा अंगणात मांडला. त्या दिवशी नेलेलं सगळं पुन्हा एकेक करून काट्यावर ठेवलं. कपड्यांनी भरलेली ट्रंक ३१ किलो, त्यात रिकामी ट्रंकच ९. तीन वळकट्या २४. शिधा २८. स्टोव्ह-भांडी १७. भरलेला पाण्याचा कॅन २१. बेरीज १२१. लोखंडी कॅरियर सोडवून तोलला तर ३०. म्हणजे टपावर १५१ किलो! सांगितल्याच्या दुप्पट. बैलगाडीत बैलाच्या खांद्याला किती झेपेल ते आपण बघतो. मोटारीला जीव नाही म्हणून कुणी विचारत नाही.

आता तुम्ही म्हणाल, गाडीत सात माणसं बसतात, चारशे किलो वजन होतं, तिथं टपावरच्या शंभर किलोनं काय बिघडतं? बिघडतं ते उंचीनं. डोक्यावर भरली घागर घेऊन पळून बघा, मग कळेल. वजन वर गेलं की वळणावर गाडी कलते, ब्रेक लावला की पुढं झुकते आणि थांबायला जास्त अंतर घेते. उघड्या माळावर आडवा वारा आला की हिसका बसतो. शेजारून ट्रक गेला तरी जाणवतो.

म्हणून डबा घ्यायचा की कॅरियर, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, ओझं किती? ते काट्यावर घाला. आमचं घातल्यावर आत्याबाईच म्हणाल्या, "अगं, तिथं खोलीत गाद्या असतात की. वळकट्या कशाला?" तसं एकेक कमी होत गेलं. ट्रंक गेली, कपडे कापडी पिशव्यांत आले, ते २२ किलो. वळकट्यांऐवजी चादरी-शाली, ६ किलो. शिधा २८ चा ८ झाला, भाकरी, चटणी, दशम्या, चिवडा. तो आणि तीन किलोची भांडी पायाशी बसली. स्टोव्ह घरी राहिला. पाण्याच्या बाटल्या बाकाखाली. टपावर जायला उरलं फक्त २८ किलो. १२१ चं २८! त्यातही पुढच्या खेपेला कुणाचं काही अडलं नाही.

कित्येक घरांचं काम इथंच संपेल. टपावर काही चढवायची गरजच उरणार नाही. ज्यांना तरी लागेल, त्यांनी पुढचं वाचावं.

बाजारात तीन तऱ्हा मिळतात. पहिली, उघडा कॅरियर. स्वस्त, वेड्यावाकड्या वस्तूही बसतात. पण ऊन, पाऊस, धूळ आणि चोर, चारही त्यावर चढतात. शिवाय बांधण्यावर सगळा भरवसा. दुसरी, कापडी मोठी पिशवी, पाणी न शिरणाऱ्या कापडाची. हलकी असते, काम झालं की घडी घालून कपाटात जाते. पण काही पिशव्यांचे पट्टे दारातून गाडीत घेऊन बांधावे लागतात. पाऊस आला की पाणी त्या पट्ट्यावरून ओघळत थेट मांडीवर येतं. कोकणात पावसाळ्यात हे ध्यानात ठेवा. तिसरा, कडक प्लास्टिकचा बंद डबा. कुलूप असतं, पुढून निमुळता असतो, पावसाची भीती नाही. पण तो महाग. आडव्या दांड्यांसकट चांगल्या डब्याला एका दुभत्या शेळीपेक्षा जास्तच पैसे पडतात.

डबा घ्यायचाच ठरला, तर दुकानात जाताना गाडी बरोबर न्या. नुसतं चित्र बघून घेऊ नका.

टपावरच्या उभ्या दांड्या आधी तपासा. पुष्कळ गाड्यांवर त्या नुसत्या शोभेच्या असतात. दिसायला दणकट, पण वजन पेलायला केलेल्या नसतात. पुस्तिकेत लिहिलेलं असतं, नसेल तर गाडीच्या अधिकृत कारखान्यात विचारा. शोभेच्या दांडीवर डबा बसवणं म्हणजे कागदी फुलाला दोरी बांधून म्हैस बांधण्यासारखं.

मागचं दार उघडून बघा. जे दार वर उघडतं, ते लांब डब्याला अडकतं. बोलेरोसारखं बाजूला उघडणारं दार असेल तर ही अडचण नाही. डबा दोन्ही बाजूंनी उघडणारा घ्या. रस्त्याच्या कडेला गाडी लावली की वाहतुकीच्या बाजूला उभं राहून सामान काढावं लागू नये. आणि घरातल्या बाईमाणसाचा हात पोचतो का ते बघा. आमच्या जाऊबाई पाच फुटांच्या. त्यांना झाकण उघडता आलं पाहिजे, ह्या अटीवर आम्ही एक डबा परत केला.

आता मापाचं बघू. डब्याचं माप लिटरमध्ये सांगतात, ३००, ४००, ५००. आपल्या भाषेत सांगायचं तर डेअरीचा मोठा कॅन ४० लिटरचा. ४०० लिटरच्या डब्यात तसल्या दहा कॅनांइतकी पोकळी. मोठा घ्यावासा वाटतो. पण मावतं म्हणून भरायचं नसतं. डब्याचं स्वतःचं वजन १२ पासून २५ किलोपर्यंत. आमच्या हिशोबात डबा २० आणि दांड्या ५, म्हणजे ७५ पैकी सामानाला उरले ५०. सिमेंटच्या एका पोत्याइतकं. त्याहून एक शेरही जास्त नको. तेव्हा डबा कपड्या-चादरींचा, अवजड वस्तूंचा नव्हे. जड वस्तू नेहमी खाली, गाडीच्या आत. डब्यातही जड पिशवी मधे आणि हलक्या दोन्ही टोकांना. मोकळी जागा चादरीनं भरा, म्हणजे आतलं सामान घरंगळत नाही. गॅसची टाकी, रॉकेल, डिझेलचा कॅन टपावर कधीही नको.

उघड्या कॅरियरवर बांधायचंच असेल, तर दोरी सोडा आणि खटक्याचे रुंद पट्टे घ्या. नायलॉनची दोरी ओढ बसली की ताणते आणि धारेवर घासली की कापली जाते. आम्हाला विचारा! जिथं पट्टा लोखंडाला लागतो, तिथं जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. आणि डबा असो की कॅरियर, घरून निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून एकदा हातानं हलवून बघा. बसलेलं सामान सैल होतं, ते तिथं कळतं. घाटाच्या माथ्यावर चहाला थांबलात, तर चहाच्या आधी टप बघा.

कायद्याचंही थोडं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की गाडीच्या नोंदणीत आहे त्यापेक्षा वेगळा फेरफार मनानं करता येत नाही. वेल्डिंग करून कायमचा कॅरियर ठोकला की अडचण येऊ शकते. म्हणून गाडीच्या कंपनीनं चालतो म्हटलेला आणि सोडवता येणारा घ्यावा, आणि आर.टी.ओ. कचेरीत एकदा विचारून ठेवावं. सामान गाडीच्या बाहेर डोकावत असेल तर २०१९ च्या दुरुस्तीपासून दंड २०,००० रुपये आहे. आणि टपावर माणूस बसवणं १२३ व्या कलमानं मना आहे. जत्रेला जाताना पोरं हौसेनं चढतात. खाली उतरवा. ते ओझं पडलं तर कुठल्या काट्यावर तोलणार?

उंचीचं विसरू नका. डबा बसवला की गाडी वीतभर किंवा जास्त वाढते. टेपनं जमिनीपासून उंची मोजा आणि काचेच्या आत, चालवणाऱ्याला दिसेल असा कागद चिकटवा. पुण्यात पाहुण्यांच्या इमारतीखाली गाडी घालताना ह्यांनी तो कागद वाचला म्हणून डबा वाचला. वर आडवा खांब होता आणि त्यावर उंची लिहिलेली होती. गाडी बाहेर लावली.

शेवटी डिझेलचा हिशोब. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं दिलेले आकडे असे आहेत, की टपावर मोठा डबा असला तर गावातल्या चालीत इंधन २ ते ८ टक्के कमी पुरतं आणि भरधाव मोठ्या रस्त्यावर १० ते २५ टक्के. कारण वारा अडतो. आपण १० टक्के धरू. लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी १४.४ देईल. ४८० किलोमीटरच्या सहलीला ३० लिटरच्या जागी ३३ लिटरच्या वर लागेल. सहलीपुरतं परवडलं. पण रिकामा डबा आळसानं वर्षभर टपावर राहिला आणि गाडी १०,००० किलोमीटर फिरली, तर सत्तर लिटरच्या आसपास डिझेल नुसतं वाऱ्यात जाईल. म्हणून घरी आलात की डबा उतरवा. गोठ्याच्या शेडमध्ये दोन पट्ट्यांवर टांगा. ऊन लागत नाही आणि उंदीर घर करत नाहीत.

आणि पैसे वाचवायचे असतील तर आमच्यासारखं करा. वर्षातून दोनदा लागणाऱ्या डब्यापायी एका घरानं एवढे पैसे का घालावेत? आम्ही, चुलत दीर आणि शेजारी, अशा तीन घरांनी मिळून एक डबा घेतला. दांड्या मात्र ज्याच्या त्याच्या गाडीच्या वेगळ्या, कारण त्या गाडीप्रमाणे बसतात. मळणीयंत्राची पाळी लावतो तशी डब्याची पाळी लावली. अजून भांडण झालेलं नाही.

गेल्या दिवाळीत पुन्हा त्याच घाटानं गेलो. टपावर डबा, २८ किलो सामान. माथ्यावर थांबून ह्यांनी चारही कुलपं आणि दांड्या हलवून बघितल्या. आत्याबाई काचेतून मागं बघत म्हणाल्या, "मागं कोण आहे रे?" एक मोटारसायकल होती. भाऊजींनी हात दाखवून तिला पुढं जाऊ दिलं.

तुम्हीही निघण्याआधी काटा मांडा. आणि किती भरलं, किती उतरलं, ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा.