अबोल मुलाची तपासणी कोणत्या भाषेत?

सुरतच्या लिंबायत भागात मराठी ही आता परप्रांतीयांची भाषा राहिलेली नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून भुसावळच्या आगगाडीने आलेली खानदेशी माणसे तेथे दोन-तीन पिढ्या यंत्रमागांवर आणि कापडबाजारात राबत आहेत. श्रावणात तेथील घरांतून कानबाईची स्थापना होते, भाद्रपदात गणपतीचे ताशे घुमतात आणि महापालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळांत मुले धुळाक्षरे गिरवतात. या वस्तीतले मूल घरी अहिराणी बोलते, शाळेत पुस्तकी मराठी वाचते, गल्लीत हिंदी आणि दुकानात गुजराती ऐकते. चार भाषांच्या या गलबल्यात एखादे मूल बोलेनासेच असले, तर त्याकडे कोणाचे लक्ष जावे?

असे मूल दुसरी-तिसरीच्या वर्गात पोहोचलेले असते. प्रश्न विचारला की उत्तराऐवजी तोच प्रश्न परत म्हणते. सवंगड्यांत मिसळत नाही, बाटल्यांची झाकणे एका ओळीत मांडत बसते. शाळेची घंटा झाली की कानांवर हात ठेवते. पण सहारा दरवाजाकडे जाणाऱ्या बसचे क्रमांक त्यास मुखोद्गत असतात. गुरुजी त्यास हट्टी ठरवितात, शेजारी म्हणतात की भाषांनी गोंधळले आहे. आजी दृष्ट काढते, वणीच्या सप्तशृंगीला नवस बोलते. त्या नवसाचा उपहास करण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. मात्र नवसाबरोबर रुग्णालयाचा केसपेपरही निघाला पाहिजे, एवढेच आमचे सांगणे आहे.

या अवस्थेला स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतात. अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली तिचे वर्णन केले. पुढे काही काळ आईच्या कोरडेपणावर तिचे खापर फोडले गेले. शास्त्राने ते मत केव्हाच टाकून दिले आहे. चाळीतल्या सासुरवाड्यात ते अजून नांदते, ही गोष्ट वेगळी. २०१८ साली भारतातील पाच ठिकाणच्या मुलांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. त्या पाचांत उत्तर गोवाही होता. त्या पाहणीनुसार शंभरांत सुमारे एका मुलाला स्वमग्नता असते. या हिशेबाने लिंबायतच्या प्रत्येक मोठ्या शाळेत असे एखादे-दुसरे मूल असणारच.

भाषेचा प्रश्न येथे दुहेरी घात करतो. 'अनेक भाषांमुळे उशिरा बोलेल' या समजुतीने वर्षे निघून जातात. वास्तविक दोन किंवा चार भाषा कानांवर पडल्याने स्वमग्नता येत नाही, आणि ती असलेल्या मुलाचेही दोन भाषांनी नुकसान होत नाही. घरची अहिराणी बंद करा, असा सल्ला ज्यांना मिळतो त्यांनी तो खुशाल नाकारावा. आई ज्या भाषेत लाड करते ती काढून घेतली तर मुलाजवळ उरते काय? उलट बाजूही तितकीच खरी आहे. गुजरातीत विचारलेल्या प्रश्नाला मूल गप्प राहिले, तर ते मौन आजाराचे की अनोळखी भाषेचे, हे तपासनिसाने कसे ठरवावे?

स्वमग्नता रक्ततपासणीत किंवा मेंदूच्या छायाचित्रात दिसत नाही. आधी कान तपासून बहिरेपणा नाही ना हे पाहावे लागते. नंतर मुलाचे निरीक्षण आणि आईबापांची सविस्तर विचारपूस, यांवरच सारा निर्णय उभा असतो. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली भारतीय मोजपट्टी चाळीस बाबींची आहे. प्रत्येकीस एक ते पाच गुण दिले जातात आणि एकूण सत्तर वा अधिक झाल्यास स्वमग्नता मानली जाते. त्यांतील काही बाबी थेट बोलण्याविषयी आहेत. तेव्हा जी आई मोडक्या हिंदीत निम्मेच सांगू शकते, तिच्या मुलाचे गुणही निम्म्या माहितीवरच पडणार.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारांत तिला स्थान दिले. शाळकरी मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करून अशी मुले शोधावीत, असे त्याच कायद्याचे कलम १७ सांगते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची शाळेत तपासणी अभिप्रेत आहे. पण वर्षातून एकदा येणाऱ्या पथकाला दात, डोळे, वजन पाहता पाहता हे शांत मूल दिसावे कसे? ते रोज दिसते शिक्षकाला.

म्हणून आरंभ शिक्षकाने करावा. मूल हाकेला ओ देते का, खेळते कसे, कशाने बिथरते, हे त्याने महिनाभर टिपून पालकांच्या हाती लेखी द्यावे. आईनेही घरातले असेच टिपण ठेवावे, अहिराणीत ठेवले तरी चालेल. कामगार बापाला रुग्णालयाची प्रत्येक फेरी म्हणजे एक खाडा, आणि ही तपासणी एका फेरीत संपत नाही. हाती टिपण असेल तर निदान एखादी फेरी तरी वाचेल.

मराठी शाळा महापालिकेची आहे. लिंबायतला जवळ असलेले उमरवाड्याचे स्मीमेर रुग्णालयही महापालिकेचेच आहे. एकाच मालकाच्या या दोन दारांत शिक्षकाची चिठ्ठी फिरू लागणे अवघड नाही. आठवड्यातून एक ठरलेला दिवस आणि त्या दिवशी मराठी-अहिराणी जाणणारा एक मदतनीस, एवढी व्यवस्था समितीने आणि रुग्णालयाने मिळून करावी. निवडणुकीत या वस्तीशी मराठीतून बोलताना कोणत्याही पक्षाला अडचण पडत नाही. जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा नगरसेवकांनी हा विषय समितीच्या पहिल्याच बैठकीत मांडावा, आणि तो दिवस कोणता हे शाळेच्या फलकावर मराठीत लिहिले जावे.