कळीखालची मराठी

संगणक घरोघरी आला, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या एका वस्तूकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. ती वस्तू म्हणजे कळफलक. आपण सर्वजण त्याला कीबोर्ड म्हणतो. चारपाचशे रुपयांत मिळणारा, काळ्या प्लास्टिकचा, तारेचा हा कीबोर्ड देखणा खचित नसतो. त्याच्या कळा बोटांना जड लागतात व तळापर्यंत दाबल्याखेरीज अक्षर उमटत नाही. परंतु त्याला बॅटरी लागत नाही; तार संगणकात खोचली की काम सुरू. दिवसभर भाषांतर करणाऱ्या आमच्यासारख्यांस याहून अधिक काही नको असते.

पण यावर मराठी कोठे आहे, असे पुष्कळांस वाटते. कळांवर छापलेली अक्षरे इंग्रजी, म्हणून ही वस्तूही इंग्रजीचीच, असा समज होतो. मग मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहिला जातो. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांतून वाढणारी मुले आजीला असाच निरोप धाडतात, आणि बी, ए, एल ही तीन अक्षरे पाहून आजीने बळ वाचावे, बाळ वाचावे की बाल, हे तिचे तिने ठरवायचे! ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील भेद अशा लेखनात उरतच नाही. बोलून लिहिण्याची सोय आता झाली आहे व ती उपयुक्तही आहे. पण खाजगी पत्र साऱ्या घरास ऐकवीत लिहायचे काय?

वस्तुतः कीबोर्डाला इंग्रजी येत नाही. प्रत्येक कळीखाली रबराची एक लहानशी टोपी असते व तिच्याखाली प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांवर वीजवाहक रेघा छापलेल्या असतात. मधल्यास भोके असतात. कळ दाबली की त्या भोकातून वरची रेघ खालच्या रेघेस टेकते आणि विद्युत्मंडल पूर्ण होते. आतील चिमुकली चकती संगणकाला एवढेच कळविते, की अमुक जागची कळ दाबली गेली. त्या जागी कोणते अक्षर उमटावे हे संगणक ठरवितो. कळीवरचे अक्षर म्हणजे निव्वळ रंग.

(पापुद्रे एकमेकांस असे चिकटून असल्यामुळे चहा सांडला तर तो आत झिरपतो. अशा वेळी प्रथम तार काढावी, कीबोर्ड पालथा घालावा आणि पुरता सुकेपर्यंत पुन्हा जोडू नये. मागचे दोन पाय उभे केले की मनगट वर मुडपते. ते मिटलेलेच बरे.)

इंग्रजी अक्षरांची ही मांडणी १८७४ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या शोल्स यांच्या टंकलेखनयंत्रावरून आली. वर्णमालेच्या क्रमाशी तिचा संबंध जवळजवळ नाही. याउलट भारतीय लिप्यांसाठी सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये ठरविलेली ‘इन्स्क्रिप्ट’ मांडणी आपल्या वर्णमालेच्या तर्कावर उभी आहे. स्वर व त्यांची चिन्हे डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. ‘क’च्या कळीवर शिफ्टसह ‘ख’, ‘त’च्या कळीवर ‘थ’, ‘प’च्या कळीवर ‘फ’. जुन्या मराठी टंकलेखनयंत्रावर पहिली वेलांटी आधी द्यावी लागे व अक्षर मागाहून. अर्ध्या अक्षरांच्या कळाही निराळ्या असत. येथे उच्चाराप्रमाणे आधी व्यंजन, मग वेलांटी. जोडाक्षरासाठी पाय मोडण्याची एकच कळ, डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील खास मराठी ‘ऱ’सुद्धा ‘र’च्याच कळीवर, शिफ्टसह मिळतो.

प्रांताबाहेरच्या मराठी कुटुंबांस तर याचा आणखी एक लाभ आहे. हीच मांडणी तेलुगू, कन्नड, बंगाली, गुजराती, तमिळ या लिप्यांसही लागू आहे. ‘क’ची जागा सर्वत्र तीच. हैदराबादेत शाळेत तेलुगू शिकणाऱ्या मुलीची बोटे एकदा मराठीला सरावली, की तेलुगूसाठी त्यांना नव्या जागा शोधाव्या लागत नाहीत.

विंडोजच्या भाषांच्या यादीत मराठी जोडून तिच्यासाठी इन्स्क्रिप्ट निवडावी. पुढे विंडोजची कळ व खालची लांब पट्टी एकत्र दाबली की भाषा पालटते. बाजारात मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या मिळतात. वृद्धांसाठी त्या ठीक, पण मुलांसाठी आम्ही त्या सुचविणार नाही. चिकटपट्टी असली की नजर कळांवरच खिळून राहते. त्यापेक्षा मांडणीचा कागद समोर टांगावा. स्वस्त कीबोर्डाची छापील अक्षरे वापराने पुसट होतात, अशी तक्रार ऐकू येते. बोटे सरावलेल्या माणसाला त्याचे काहीच वाटत नाही.

कीबोर्डाच्या मधल्या ओळीतील दोन कळांवर बारीक उंचवटे असतात. डाव्या उंचवट्यावर पहिली वेलांटी आहे, उजव्यावर ‘र’. तेथे तर्जन्या टेकवल्या की उरलेली बोटे आपापल्या घरी बसतात, आणि बोटांना ती मधली ओळ सोडायला न लावता रोप, रोपटे, चित्र, पुत्र हे शब्द लिहिता येतात. प्रारंभ मात्र दुसऱ्याच एका शब्दाने करावा. उजव्या हाताने ‘प’, मग ‘त’. डाव्या मधल्या बोटाने पाय मोडावा. पुन्हा उजव्या तर्जनीने ‘र’. चार कळांत ‘पत्र’ तयार होते.