गुन्हेगारी रक्तात असते काय?



2025च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सरकारने आठ गुन्हेगारी टोळ्यांना परदेशी दहशतवादी संघटना ठरवलं. सहा मेक्सिकोच्या, एक एल साल्वादोरशी संबंध असलेली आणि एक व्हेनेझुएलाची, ‘त्रेन दे अरागुआ’ नावाची. मार्चमध्ये दोनशेहून अधिक व्हेनेझुएलन माणसं विमानात घालून एल साल्वादोरच्या तुरुंगात पाठवली. त्यातल्या बऱ्याच जणांवर 1798 सालचा, युद्धाच्या वेळेसाठी केलेला कायदा लावला होता. टोळीतले आहेत हे कोर्टात सिद्ध करायची गरज कोणाला वाटली नाही. काहींच्या बाबतीत अंगावरचं गोंदण हाच पुरावा! जुलैत त्यांना सोडून मायदेशी नेलं, पण तोवर चार महिने गेले होते.

अमेरिकेत राहणारे आपलेही काही लोक म्हणतात, “बरं झालं, ही माणसंच तसली.” हे वाक्य ऐकलं की मला 1908 साल आठवतं. तेव्हा ते आपल्याबद्दल म्हटलं गेलं होतं.

त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे पोलीस कमिशनर थिओडोर बिंगहॅम यांनी एका मासिकात लेख लिहिला. शहरात ज्यू लोक साधारण चौथा हिस्सा, पण गुन्हेगारांत निम्मे ज्यू, असं त्यांचं म्हणणं. रशिया-पोलंडमधून पळून आलेली गरीब माणसं लोअर ईस्ट साइडच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत होती. त्यांच्यात एकच संताप उसळला. शिक्षांच्या नोंदी काढल्या तेव्हा ज्यूंचं प्रमाण लोकसंख्येपेक्षा कमीच निघालं, आणि बिंगहॅमसाहेबांना थोड्याच दिवसांत शब्द मागे घ्यावे लागले.

पण मला खरं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ज्यू पुढाऱ्यांनी नुसता निषेध केला नाही. 1909मध्ये रब्बी जुडा मॅग्नेस यांच्या पुढाकाराने तिथे ‘केहिला’ ही सर्व ज्यू संस्थांची मिळून एक संस्था निघाली. 1912मध्ये एका ज्यू जुगारअड्डेवाल्याचा भर रस्त्यात खून झाला, त्यानंतर या संस्थेने स्वतःची माणसं नेमून आपल्याच वस्तीतले अड्डे, खिसेकापू, कुंटणखाने यांची माहिती गोळा केली आणि अधिकाऱ्यांना दिली. म्हणजे आकडा खोटा होता, पण गुंड खरे होते. दोन्ही गोष्टी त्यांनी कबूल केल्या.

त्या गल्ल्यांतली ही पोरं मोठी कशाने झाली? 1920च्या दारूबंदीने. लोक प्यायचे थांबले नाहीत, फक्त दुकानदार बदलले. कायद्यात धर्मविधीच्या द्राक्षारसाला सूट होती, तर एका रात्रीत खोटे रब्बीही उगवले! (आपल्याकडे किद्दुश काळ्या मनुकांच्या सरबतावर होत आलं, त्यामुळे मोरारजीभाईंच्या राज्यात आपलं काही अडलं नाही.) मेयर लान्स्की, बग्सी सीगल हे इटालियन लकी लुचियानोच्या जोडीने त्याच पैशावर उभे राहिले. 1933मध्ये बंदी उठली, पण तोवर टोळ्यांकडे गाड्या, बंदुका, वकील आणि ओळखीचे पोलीस सगळं जमा झालं होतं. मग जुगार, कामगार संघटना, खंडणी. लेपके बुखाल्टर याला 1944मध्ये विजेच्या खुर्चीवर बसवलं.

मुंबईकरांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. 1949चा दारूबंदी कायदा आला आणि हातभट्ट्या सुरू झाल्या. धारावी-माटुंग्याकडे त्यातून वरदराजन मुदलियार मोठा झाला. सोन्यावर निर्बंध आले, 1968चा कायदा झाला, आणि हाजी मस्तानसारख्यांचं सोनं समुद्रावरून उतरू लागलं. उमरखाडी, डोंगरी, इस्रायल मोहल्ला इथे ज्यांचं बालपण गेलं त्यांनी ते दिवस शेजारून पाहिलेत. 1990मध्ये सोन्याचा कायदा गेला तेव्हा तिथेही तेच झालं: धंदा बसला, टोळ्या बसल्या नाहीत. बिल्डर, सिनेमावाले, हॉटेलवाले यांना फोन जाऊ लागले. त्यातच 1982च्या संपानंतर गिरणगावात लाखो कामगारांची घरं बसली होती. घरात बेकार बसलेली मुलं टोळ्यांना आयती मिळाली. मस्तान तामिळ, करीम लाला पठाण, गवळी दगडी चाळीतला मराठी. एवढ्या जातीधर्मांची माणसं एकाच शहरात एकाच धंद्यात आली, ती रक्तामुळे म्हणायची काय? इंग्रजांना तसंच वाटत होतं. 1871चा कायदा करून त्यांनी अख्ख्या जमाती ‘जन्मजात गुन्हेगार’ ठरवल्या. तो 1952ला गेला, पण पारध्यांच्या मुलांना त्याचे चटके अजून बसतात.

अमेरिकेतले ज्यू गुंड मात्र एका पिढीत संपले. पोलिसांनी पकडलं हे खरं, पण मुख्य म्हणजे त्यांची मुलं त्या धंद्यात आलीच नाहीत. कॉलेजं, नोकऱ्या, दुकानं यांची दारं हळूहळू उघडली होती. लान्स्कीचा एक मुलगा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून अधिकारी होऊन बाहेर पडला. इटालियन माफिया जास्त टिकला. 1970च्या रिको कायद्याने टोळीला टोळी म्हणून खटल्यात उभं करता आलं, तेव्हा तो खिळखिळा झाला. आपल्याकडचा 1999चा मोक्का त्याच धर्तीवरचा.

लान्स्की 1970मध्ये इस्रायलला आला आणि परतीच्या कायद्याखाली नागरिकत्व मागू लागला. सप्टेंबर 1972मध्ये सुप्रीम कोर्टाने नकार दिला: ज्यू असलास तरी गुन्हेगारी पूर्वायुष्यामुळे समाजाला धोका आहे. आपल्यातल्या वयस्कर मंडळींना यात एक कडवट गंमत दिसेल. जेरुसलेममध्ये 1964च्या उन्हाळ्यात आपली माणसं धरणं धरून बसली होती, कारण रब्बींना आपल्या ज्यूपणाचीच शंका होती. लान्स्कीच्या ज्यूपणाबद्दल कोणी विचारलं नाही. त्याचं जे पाहिलं ते त्या एका माणसाने काय केलं एवढंच, आणि ते योग्यच झालं.

आज अमेरिकेत फेंटानिलसह सगळ्या अमली पदार्थांच्या नशेने 2022 आणि 2023 या दोन्ही वर्षी लाखाहून अधिक माणसं दगावली. माल मेक्सिकोतून येतो, पण गिऱ्हाईक अमेरिकेत आहे आणि मेक्सिकन टोळ्यांच्या हातातल्या बऱ्याच बंदुका अमेरिकन दुकानांतून गेलेल्या असतात. 2024मध्ये मृत्यू बरेच कमी होऊन ऐंशी हजारांच्या आसपास आले. हे टोळ्यांना दहशतवादी ठरवण्याच्या आधीचं आहे. त्या काळात उपचार आणि जीव वाचवणारं औषध अधिक लोकांपर्यंत पोहोचलं होतं. टोळ्यांचे पैसे गोठवायला नव्या यादीचा उपयोग होईल, माझा त्याला विरोध नाही. गोंदण पाहून विमानात बसवण्याला आहे.

आणि रामला-लोदला राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना विचारा. इस्रायलमधल्या अरब समाजात 2023मध्ये दोनशे चाळीसहून अधिक खून झाले, बहुतेक आपसातच. तिथेही “हे लोक असेच” असं सर्रास म्हटलं जातं. बँक कर्ज देत नाही म्हणून तरुण टोळीच्या सावकाराकडे जातो, बहुतेक खुनांचा तपास लागत नाही आणि साक्षीदार तोंड उघडायला घाबरतो. लोदच्या ज्या रस्त्यावर रात्री गोळीबार होतो, त्याच रस्त्याने आपली म्हातारी माणसं सकाळी भाजी आणायला जातात.