गणवेशाचा वाद आणि विद्यापीठांची मालकी

अमेरिकेत ऑगस्ट संपत आला की महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम सुरू होतो, आणि त्याबरोबरच दरवर्षी एक जुना वाद नव्या जोमाने पेटतो. कोणत्या विद्यापीठाच्या संघाने यंदा कोणता पोशाख घालावा, शिरस्त्राणाचा रंग का बदलला, छातीवरचे बोधचिन्ह पूर्वीचेच बरे नव्हते काय, अशा प्रश्नांवर प्रौढ, सुशिक्षित माणसे तावातावाने भांडत असतात. या वादाकडे पाहून त्रयस्थ माणसाला हसू येणे साहजिक आहे. कापडाचा रंग बदलल्याने विद्वत्ता वाढत नाही आणि चिन्ह बदलल्याने ग्रंथालय ओस पडत नाही. तथापि या भांडणाच्या तळाशी विद्यापीठ नेमके कोणाचे, हा प्रश्न आहे. तो मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

अमेरिकेतील या खेळाचे स्थान प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. हा फुटबॉल भारतात खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू मुख्यतः हातात घेऊन धावावयाचे असते आणि अंगावर चिलखतासारखा पोशाख असतो. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. पदवी घेऊन चाळीस वर्षे झालेला माणूसही शनिवारी आपल्या विद्यापीठाच्या रंगाचा सदरा घालून तेथे जातो. विद्यापीठाशी उरलेले त्याचे नाते बहुधा या रंगातूनच टिकलेले असते. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या संस्थांमध्ये झाला. त्या दिवशी रटगर्सच्या विद्यार्थ्यांनी लाल रुमाल फेट्यासारखे डोक्याला गुंडाळले होते. आपला कोण आणि परका कोण हे ओळखता यावे, एवढाच त्यांचा हेतू. त्या साध्या खुणेचीच पुढे परंपरा झाली.

या परंपरेचे चाहते कशासाठी भांडतात हे काही उदाहरणांवरून कळते. मिशिगनच्या शिरस्त्राणावर पंखांसारखी पिवळी नक्षी आहे. ती प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायस्लर यांनी १९३८ साली आणली आणि आजही ती टिकून आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचा पोशाख तर मुद्दाम साधा ठेवलेला. खेळाडूचे नावही पाठीवर नाही, कारण संघ व्यक्तीहून मोठा, ही त्यामागील भावना. माजी साहाय्यक प्रशिक्षकाने केलेल्या बाललैंगिक अत्याचारांच्या प्रकरणात या विद्यापीठावर २०१२ साली कडक निर्बंध आले आणि खेळाडूंना अन्यत्र जाण्याची मुभा मिळाली. तेव्हा जे थांबले त्यांच्या गौरवार्थ प्रथमच पाठीवर नावे आली. २०१५ साली ती पुन्हा काढण्यात आली. नावे लावण्याला अर्थ होता, तसा काढण्यालाही होता. पोशाखातून संस्था काहीतरी बोलत असते, ही चाहत्यांची समजूत म्हणूनच निराधार म्हणता येत नाही.

परंपरेवर पहिले आक्रमण व्यापाराचे झाले. ओरेगन विद्यापीठाचे माजी विद्यार्थी फिल नाइट हे ‘नायकी’ या क्रीडासाहित्याच्या कंपनीचे एक संस्थापक. त्यांच्या पाठबळाने या विद्यापीठाच्या संघाने इतक्या तऱ्हेचे पोशाख वापरले की जवळजवळ प्रत्येक सामन्याला नवे रूप, ही तेथील रीतच झाली. जुन्या पिढीने नाके मुरडली. सतरा-अठरा वर्षांचे होतकरू खेळाडू मात्र त्या झगमगाटाकडे ओढले गेले. पुढे इतर विद्यापीठेही या वाटेने गेली. ओहायो स्टेटने २०१६ साली नायकीशी पंधरा वर्षांसाठी सुमारे २५ कोटी डॉलरांचा करार केला. त्याच वर्षी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने ‘अंडर आर्मर’शी २८ कोटी डॉलरांचा करार केला, पण २०२० साली कंपनीने त्यातून अंग काढून घेतले आणि प्रकरण न्यायालयात गेले. शंभर वर्षांचा रंग ज्याच्या स्वाधीन करावयाचा त्याची निष्ठा चार वर्षेही टिकत नाही, हा धडा पुरेसा बोलका आहे.

येथे चाहत्यांची बाजू न्याय्य आहे. अनेक पिढ्यांनी जपलेली खूण विक्रीच्या सोयीसाठी दर हंगामात बदलू नये, हे म्हणणे केवळ स्मरणरंजन नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१२ साली गुळगुळीत, नव्या धाटणीचे बोधचिन्ह पुढे आणले तेव्हा पन्नास हजारांहून अधिक लोकांनी निषेधाच्या निवेदनावर सह्या केल्या. डिसेंबरात विद्यापीठाला ते मागे घ्यावे लागले. विद्यापीठाचे व्यवस्थापक हे त्याचे विश्वस्त आहेत, मालक नव्हेत, एवढे तरी या प्रकरणाने सिद्ध केले.

मात्र याच चाहत्यांनी एक गोष्ट दीर्घकाळ नजरेआड केली. ज्या सदऱ्यांवरून ते भांडत होते ते सदरे दुकानांत विकले जात होते. त्यांवर खेळाडूचे नाव नसे, पण क्रमांक असे, आणि तो कोणाचा हे गिऱ्हाइकाला पक्के ठाऊक असे. विक्रीचा पैसा विद्यापीठाला आणि कंपनीला मिळे. खेळाडूला छदामही मिळत नसे. ‘एनसीएए’ या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने स्वतःच्या दुकानातून अशा सदऱ्यांची विक्री २०१३ साली टीकेनंतर थांबवली. खेळाडूंना आपल्या नावावर व छबीवर पैसे मिळवण्याची मोकळीक मिळण्यास १ जुलै २०२१ उजाडावा लागला. रंगाच्या शुद्धतेची चिंता वाहणाऱ्यांना तो रंग अंगावर घालणाऱ्याच्या हक्काची तेवढी चिंता वाटली नाही.

त्याहून मोठा प्रश्न अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा आहे. ज्यांची भूमी हिरावून घेतली त्यांच्याच नावांनी आणि मुद्रांनी अनेक महाविद्यालयांचे संघ ओळखले जात होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपल्या संघाचे ‘इंडियन्स’ हे नाव १९७२ साली सोडले, तेही तेथे शिकणाऱ्या मूळ रहिवासी विद्यार्थ्यांनी मागणी केल्यावर. इलिनॉय विद्यापीठात १९२६ पासून एक विद्यार्थी, तोही बहुधा गोरा, पिसांचा मुकुट घालून मैदानावर आदिवासी सरदाराचे नृत्य करीत असे. ते २००७ साली बंद झाले. ऑगस्ट २००५ मध्ये एनसीएएने अशी चिन्हे वापरणाऱ्या अठरा संस्थांची यादी जाहीर करून राष्ट्रीय अंतिम स्पर्धांमध्ये त्यांच्या वापरास बंदी घातली.

नॉर्थ डकोटा विद्यापीठाचा लढा सर्वांत कडवट ठरला. १९३० पासून हा संघ ‘फायटिंग सू’ म्हणून ओळखला जाई. ‘सू’ हे तेथील आदिवासी जमातीचे नाव. एका धनाढ्य माजी विद्यार्थ्याने विद्यापीठासाठी दहा कोटी डॉलरांहून अधिक खर्चाचे बर्फावरील हॉकीचे क्रीडागृह उभारावयास घेतले आणि नाव बदलल्यास काम थांबवण्याचा इशारा दिला. नाव त्या वेळी राहिले. २००१ साली उघडलेल्या त्या इमारतीत हे चिन्ह हजारो ठिकाणी कोरलेले होते, म्हणजे काढू म्हटले तरी निघू नये. विशेष म्हणजे आदिवासींमध्येही एकमत नव्हते. स्पिरिट लेक येथील लोकांनी २००९ साली नावाच्या बाजूने कौल दिला, तर स्टँडिंग रॉकच्या मंडळाने संमती दिली नाही. अखेर जून २०१२ मध्ये राज्यातील मतदारांनी मोठ्या बहुमताने नाव सोडण्याच्या बाजूने निर्णय दिला.

याउलट फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठाने ‘सेमिनोल’ हे नाव कायम ठेवले, कारण फ्लॉरिडातील सेमिनोल जमातीच्या मंडळाने २००५ साली त्याला स्पष्ट पाठिंबा दिला होता. या दोन उदाहरणांतील फरक महत्त्वाचा आहे. प्रत्येक जुने चिन्ह वाईटच असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ज्यांचे नाव वापरावयाचे त्यांना विचारले काय, आणि त्यांचे उत्तर मानले काय, हे पाहावे लागते.

मिसिसिपी विद्यापीठाची कथाही बोधप्रद आहे. १९६२ साली जेम्स मेरिडिथ या कृष्णवर्णीय तरुणाच्या प्रवेशावरून तेथे दंगल उसळली आणि दोघांचे बळी गेले. त्यानंतरही कित्येक वर्षे सामन्यांच्या वेळी गुलामगिरीच्या रक्षणार्थ लढलेल्या दक्षिणी राज्यांचे झेंडे प्रेक्षकांत फडकत होते. १९९७ साली विद्यापीठाने स्टेडियममध्ये काठ्या आणण्यास मनाई केली आणि झेंड्यांचा प्रश्न आडवळणाने सोडवला. ‘ही आमची परंपरा’ असे म्हणणाऱ्या चाहत्यांना प्रामाणिकपणे तसे वाटतही असेल. परंतु त्याच संघात खेळणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाला तो झेंडा पाहून काय वाटत असेल, याचा विचार त्या परंपरेत नव्हता.

विद्यापीठाचे नाव वा चिन्ह ही क्षुल्लक बाब आहे, असे महाराष्ट्रातील वाचकाला तरी वाटू नये. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. त्यानंतर दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. नामविस्तार प्रत्यक्षात येण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. तेथेही विरोधकांनी प्रदेशाच्या अस्मितेचे नाव पुढे केले होते. दोन्ही देशांतील परिस्थिती भिन्न आहे; पण ज्ञानाच्या मंदिरावर कोणाची नाममुद्रा असावी यावरून समाजातील जुने उच्चनीच भाव उघडे पडतात, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

म्हणून गणवेशाच्या वादात परंपरेचा दावा आला की तो कोणाविरुद्ध केला जात आहे, हे प्रथम पाहावे. कंपनीच्या नफ्याविरुद्ध वा व्यवस्थापकांच्या लहरीविरुद्ध तो केला जात असेल तर त्याला बळ द्यावयास हवे, कारण तेथे अनेकांचा सामायिक ठेवा थोड्यांच्या हाती जात असतो. पण तोच दावा ज्यांचा अपमान झाला त्यांच्याविरुद्ध उभा राहिला, तर तो टिकू शकत नाही. चिन्ह सोडल्याने चाहत्याला हळहळ वाटेल आणि ती दोन-चार हंगामांत ओसरेल. ते राखल्याने मात्र एखाद्या विद्यार्थ्याला स्वतःच्याच विद्यापीठात रोज परके व्हावे लागते. या दोन दुःखांची तुलना होऊ शकत नाही. १८६९ साली डोक्याला बांधलेला लाल रुमाल आपली माणसे ओळखण्यासाठी होता. आपल्या माणसांत आता कोणाकोणाचा समावेश होतो, याचे उत्तर विद्यापीठांनी आणि त्यांच्या चाहत्यांनी प्रथम द्यावे. गणवेशाचा रंग त्यानंतर ठरवता येईल.