कागद मागाहून होतील

जुन्या गाडीचा सौदा ठरताना आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : "गाडी बघा, कागदाचं काय, मागाहून होतील." गेल्या दिवाळीनंतर हे वाक्य आमच्या स्टाफरूममध्येच येऊन बसले. जालन्याच्या मोंढ्यात वडिलांची अडत सांभाळणारा आमचा एक माजी विद्यार्थी परदेशी मोटारसायकल दाखवायला महाविद्यालयात आला होता. हजार सीसीचे जपानी इंजिन, आणि किंमत नव्या बुलेटच्या आसपास. क्रमांक दिल्लीचा. नोंदणी प्रमाणपत्र नव्हते. एक झेरॉक्स होती आणि तीवरच्या चॅसिस क्रमांकाचे शेवटचे आकडे शाईत बुडालेले होते. पाटीवरचा क्रमांक आम्ही शासनाच्या परिवहन ॲपवर टाकून पाहिला. तो एका स्कूटरचा निघाला.

पोराचा चेहरा उतरला, कारण इसार देऊन झाला होता. परंतु आम्हांला खटकले ते पुढचे. आमचेच सुविद्य सहकारी त्याची समजूत घालू लागले : "अरे, जालन्यात भंगाराला कोण कागद विचारतं? यंत्र अस्सल आहे ना?" आणि आमच्याकडे वळून, "तुम्ही मराठीची माणसं असून कारकुनासारखं काय बोलता?" हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

प्रथम किमतीचा विचार करू. संपूर्ण तयार अवस्थेत आयात होणाऱ्या नव्या मोटारसायकलींवर २०१८ पासून ५० टक्के सीमाशुल्क होते. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ते १६०० सीसीपर्यंत ४० टक्के आणि त्याहून मोठ्या इंजिनांसाठी ३० टक्के झाले. इतर कर वेगळेच. असा बोजा वाहून आलेले यंत्र कवडीमोलाने विकले जाते तेव्हा त्याची कारणे फार नसतात. शुल्क चुकवले असेल, गाडी चोरीची असेल, किंवा कागद खरोखरच हरवले असतील. तिसऱ्या शक्यतेवर कायद्यात उपाय आहे. नोंदणीकृत मालकाने पोलिसांत खबर द्यावी, परिवहन कार्यालयात नमुना २६ भरावा, त्याला प्रमाणपत्राची दुसरी प्रत मिळते. एवढा साधा मार्ग असता विक्रेता तो चोखाळत नाही, उलट खरेदीदाराला 'मागाहून' सांगतो, तेव्हा उरलेल्या दोन शक्यतांकडेच पाहावे लागते.

"आपण तर पैसे मोजून घेतली" हा बचावही टिकणारा नाही. विक्रेत्याजवळ जो हक्क नाही तो त्याला दुसऱ्याला देता येत नाही, हे १९३० च्या मालविक्री कायद्याचे मूलतत्त्व आहे. चोरीचा माल आहे असे जाणून, किंवा तसे मानण्यास कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. मोटारसायकलीवर स्कूटरचा क्रमांक दिसल्यावर आणखी कोणते कारण हवे?

दुसरा आक्षेप अधिक सच्चा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. कचेऱ्या छळतात, दलालावाचून फाईल हलत नाही, आजोबांची जुनी इंग्रजी मोटारसायकल घरात असूनही नातवाला ती रस्त्यावर आणता येत नाही. ही तक्रार खरी होती. परंतु २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. 'व्हीए' अक्षरांची वेगळी क्रमांकमालिका ठरली. नव्या नोंदणीस वीस हजार आणि पुनर्नोंदणीस पाच हजार रुपये शुल्क ठरले. दररोजच्या वा व्यावसायिक वापराला मात्र मुभा नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या उदार नियमानेही दोन कागदांचा आग्रह सोडला नाही : गाडी आयात असेल तर सीमाशुल्क खात्याचे बिल ऑफ एंट्री, आणि येथे आधी नोंदलेली असेल तर जुने नोंदणीपत्र. जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्यांनीही हे मान्य केले आहे की, वस्तू कोठून आली हे सांगता आले पाहिजे.

आता 'मराठीची माणसे' या टोमण्याविषयी. ज्यांनी आम्हांला तो मारला तेच सहकारी वर्गात इतिहासाचार्य राजवाड्यांचे गुणगान करतात. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध करणाऱ्या या माणसाने अस्सल पत्रांच्या शोधात गावोगाव पायपीट केली आणि बखरींच्या रसाळ कथनापेक्षा तारीखवार कागदाला वरचे स्थान दिले. आपल्याच जिल्ह्यातील जांब हे समर्थांचे जन्मगाव. त्यांनी दासबोधात लेखनक्रियेवर स्वतंत्र समास रचला. ज्या परंपरेने कागदाची एवढी निगराणी केली, तिचे अध्यापक कागदाला कारकुनी म्हणून हिणवतात, हे आम्हांला लाजिरवाणे वाटते. बखरीवर शंका घेणाऱ्याने झेरॉक्सवर विश्वास ठेवू नये.

आणि भंगाराचा दाखला? भंगार भट्टीत जाते, वितळते, त्याची सळई होते. ही गाडी भट्टीत जाणार नव्हती. ती अंबड रस्त्यावर, कापूस वेचून बाया परततात त्या तिन्हीसांजेच्या वेळी, भरधाव धावणार होती. मोटार वाहन कायद्याने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला तो रस्त्यावरच्या या बाईसाठी, स्वाराच्या सोयीसाठी नव्हे. खोट्या क्रमांकाच्या गाडीला असा विमा कोठून असणार? धडक देऊन अशी गाडी पसार झाली आणि तिची ओळख पटलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. विमा असलेल्या गाडीच्या बाबतीत न्यायाधिकरण मृताचे वय, कमाई, मागे उरलेली माणसे पाहून भरपाई ठरवते. इथे बाईचे वय आणि तिची लेकरे कोणी मोजणार नाही. तिकडे दिल्लीतल्या स्कूटरवाल्याच्या दारात मात्र पोलीस उभे राहतील. त्या बिचाऱ्याने जालना नकाशातही पाहिले नसेल.

कागद गाडीच्या मालकासाठी असतो हा समज म्हणूनच चुकीचा आहे. ज्याची गाडी चोरीला गेली तो, आणि ज्याला ती उद्या धडकेल तो, अशा दोन अनोळखी माणसांचा हक्क त्या कागदावर नोंदलेला असतो. 'मागाहून होतील' म्हणताना आपण या दोघांना मागे ठेवतो.

आमच्या विद्यार्थ्याने अखेर गाडी नेली नाही. इसार बुडाला, विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले. स्टाफरूममध्ये अद्याप त्याला भित्रा म्हणून हसतात. आमच्या मते त्या खोलीत राजवाडे कोणाला कळले असतील, तर ते त्या एकट्या पोराला.