लोणार : आराखडा कोटींचा, प्रश्न नालीच्या पाण्याचा

लोणार : सुटीच्या दिवशी सरोवराच्या कडेवर गाड्यांची रांग लागते. लोक उतरतात, खाली पाणी बघतात, मोबाईलवर फोटो काढतात, चहा घेतात आणि तासाभरात निघतात. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून मेहकरला उतरून लोणारला येणं सोपं झालं. आता पर्यटन वाढेल, गावात पैसा येईल, असं सगळेच म्हणतात. पण ज्या सरोवराच्या जीवावर हे बोललं जातं, त्याचं पाणी कुठून येतं आणि कसं येतं, यावर गावात बोलणं कमीच होतं.

आधी जागा समजून घ्यावी लागेल. उल्का आदळून काळ्या खडकात पडलेला हा खड्डा, तोंडाशी साधारण 1.8 किलोमीटर रुंद आणि 150 मीटरच्या आसपास खोल. लोणार गाव त्याच्या ईशान्य बाजूला, अगदी कडेला लागून. म्हणजे गाव वर आणि सरोवर खाली. या खड्ड्यातून पाणी बाहेर जायला वाटच नाही. आलं ते आलं, उन्हानं उडून जाईल तेवढंच कमी होणार. क्षार मात्र उडत नाहीत, ते खालीच साचतात. म्हणून हे पाणी खारं आणि सोड्यासारखं बुळबुळीत. पूर्वी याच क्षाराचा व्यापार चालायचा, साबण आणि काच बनवायला तो जायचा. आईन-ए-अकबरीतही त्याचा उल्लेख आहे.

या खाऱ्या पाण्यात जे जीव राहतात ते साध्या तळ्यात जगत नाहीत. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या देशाला लोणार कळलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं, की खारटपणा वाढल्यावर वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार दाटले, जीव वाढले. पावसानं पाणी वाढलं तसा रंगही गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वरनंतर राज्यातलं हे दुसरं.

आता खरी अडचण इथंच आहे. गुलाबी रंगाची बातमी झाली, पण धोका उलट बाजूनं आहे. पाणी आटण्यापेक्षा गोडं पाणी जास्त येणं हे या सरोवराला मारक. मागच्या काही वर्षांत पातळी वाढून पाणी काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत आलं. नवरात्रात यात्रेला जाणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही, त्यानं डोळ्यानं पाहिलंय. पाऊस चांगला झाला हे एक कारण. पण वरच्या शेतातून वाहून येणारं पाणी, त्यासोबत येणारं खत, आणि गावाचं सांडपाणी, हेही शेवटी उतारानं खालीच जातं. खत आणि सांडपाणी मिसळलं की शेवाळ आणि गवत माजतं, आणि खाऱ्या पाण्यातले मूळचे जीव मागे पडतात. सांडपाण्याचा प्रश्न नवा नाही, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात या सरोवरावर वर्षानुवर्षं सुनावण्या चालल्या, आदेशही निघाले.

गावातला माणूस मात्र वेगळ्याच कारणानं वैतागलेला. दैत्यसूदन मंदिरासारखी संरक्षित स्मारकं वस्तीच्या मधोमध आहेत. 2010 च्या कायद्यातल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, पुढच्या 200 मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. आतल्या घराची साधी दुरुस्ती करायची तरी कागद फिरवावे लागतात. घरकुल मंजूर झालं आणि जागा मंदिरालगत असली, तर माणूस काय करणार? वडिलोपार्जित भिंत पडली तर तिथंच उभी करायची मुभा मागायला किती फेऱ्या मारायच्या? खाली सरोवराभोवती अभयारण्य, तिथलं बंधन वेगळं. सरोवर जगाचं असेल, पण त्याची किंमत या गल्लीतली माणसं मोजतात, हे मान्यच करावं लागेल.

नियम वाईट आहेत असं नाही. ते नसते तर कडेवर केव्हाच हॉटेलं उभी राहिली असती. पण नियम घरमालकावर जसा कडक लागतो, तसा नालीवर लागत नाही. भिंत वाढली की नोटीस येते. सांडपाणी खाली गेलं तर लेखी नोंदही होत नाही, अशी लोकांची भावना आहे, आणि ती समजण्यासारखी आहे.

2022 मध्ये राज्य सरकारनं लोणारसाठी सुमारे 370 कोटींचा विकास आराखडा मंजूर केला. अशा आराखड्यात पायवाट, दिवे, गेट, बसायची जागा यांना लवकर हात लागतो, कारण ते दिसतं आणि उद्घाटन होतं. जमिनीखालची गटार कोणाला दिसत नाही. प्रक्रिया केंद्र उभं करणं हाही निम्माच भाग, ते रोज चालवायला वीज आणि माणूस लागतो. 2011 च्या जनगणनेत 23 हजारांवर लोकसंख्या असलेल्या नगर परिषदेला हा दरमहाचा खर्च एकटीनं पेलणं अवघडच. रेल्वे नाही, मोठा उद्योग नाही. मोठं दुखणं झालं तर जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. तासाभरात निघून जाणाऱ्या पर्यटकाकडून चहाचे पैसे मिळतात, नगर परिषदेच्या तिजोरीत फारसं काही पडत नाही.

तेव्हा लोणारच्या मतदारानं नगरसेवकाला आणि आमदाराला विचारायचे प्रश्न सोपे आहेत. किती घरांच्या नाल्या केंद्राला जोडल्या? केंद्र महिन्यातले किती दिवस चाललं? वीजबिल कोणी भरलं? सरोवराच्या दिशेनं उतार असलेल्या शेतांत बांधबंदिस्ती कुठवर आली? पायवाटेच्या फरशीचा हिशेब नंतर मागितला तरी चालेल.