टाळ्या पुरे, हक्काचं बोला! सिल जॉन्सन आणि आपले शाहीर

६ फेब्रुवारी २०२२. मुंबईत लता मंगेशकर गेल्या. दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला, शिवाजी पार्कवर सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्याच दिवशी अमेरिकेत सिल जॉन्सन नावाचा ८५ वर्षांचा कृष्णवर्णीय गायक गेला. सहाच दिवस आधी, ३१ जानेवारीला, त्याचा थोरला भाऊ जिमी जॉन्सन गेला होता. तोही शिकागोचा नावाजलेला ब्लूज गिटारवादक. आपल्याकडे या दोघांची बातमी कुणाच्या कानावर आली नाही. आपले तरुण ज्या रॅपवर नाचतात, त्यातल्या किती गाण्यांच्या पोटात सिल जॉन्सनचा ठेका आहे, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

मी त्याच्याबद्दल लिहितोय ते हळहळ व्यक्त करायला नाही. त्याच्या आयुष्यात एक प्रश्न आहे, आणि तो प्रश्न आपल्या जयंतीच्या स्टेजवर येऊन उभा राहतो. आवाज कुणाचा, आणि मालक कोण?

सिलचं खरं नाव सिल्व्हेस्टर थॉम्पसन. जन्म १९३६, मिसिसिपी राज्यातलं होली स्प्रिंग्ज. काळ्यांना झाडाला टांगून मारणाऱ्या झुंडींविरुद्ध लेखणी चालवणारी आयडा बी. वेल्स याच गावात १८६२ साली गुलामीत जन्मली. दक्षिणेतल्या लाखो काळ्यांप्रमाणे थॉम्पसन कुटुंबही उत्तरेकडे, शिकागोला गेलं. आपली माणसं गावकी सोडून मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत आली, तसंच. सिल गिटार वाजवायला लागला, गायला लागला. १९५९ साली पहिली रेकॉर्ड निघाली आणि तिच्यावर आडनाव छापलं गेलं ‘जॉन्सन’. तेच पुढे जन्मभर राहिलं.

तो गायचा ते सोल संगीत. चर्चमधल्या भजनांची आर्तता आणि काळ्या वस्त्यांतल्या नाचगाण्यांचा ठेका यांतून ते घडलं. १९६७ मध्ये शिकागोच्या ट्वायनाइट या छोट्या कंपनीसाठी त्याची गाणी गाजू लागली. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला. पुढच्याच वर्षी सिलने ‘इज इट बिकॉज आय ॲम ब्लॅक’ हे गाणं काढलं. मी काळा आहे म्हणून का, असा थेट सवाल त्याच्या नावातच आहे. अमेरिकेतल्या काळ्या संगीताच्या यादीत ते अकराव्या क्रमांकापर्यंत गेलं. १९७० मध्ये त्याच नावाचा अख्खा अल्बम आला. सामाजिक जाणिवेचा सोल अल्बम म्हटलं की सगळे मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’चं नाव घेतात. तो १९७१ चा. सिलचा त्याच्या एक वर्ष आधीचा.

मग सिलचं नाव मागे का पडलं? आवाज कमी नव्हता, कंपनी छोटी होती. पुढे तो मेम्फिसच्या हाय रेकॉर्ड्समध्ये गेला. तिथला मोठा तारा अल ग्रीन. सिल कायम दुसऱ्या रांगेत. १९७५ मध्ये ‘टेक मी टू द रिव्हर’ हे त्याचं सर्वांत मोठं यश ठरलं, आणि ते गाणंही मुळात अल ग्रीनचं. ऐंशीच्या दशकात हा माणूस शिकागोत तळलेल्या माशांची हॉटेलं चालवत होता. कष्टाचा धंदा, त्यात लाज काहीच नाही. लाज वेगळ्याच गोष्टीची वाटायला हवी.

तो मासे तळत असताना त्याच्या जुन्या रेकॉर्डी जिवंत होत्या. त्याच्या १९६७ च्या ‘डिफरंट स्ट्रोक्स’ मधला ड्रमचा तुकडा हिपहॉपवाल्यांनी उचलला. पब्लिक एनिमी, वू-टँग क्लॅन, कान्ये वेस्ट अशी मोठमोठी नावं त्या यादीत आहेत. दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा कापून आपल्या गाण्यात बसवण्याला सॅम्पलिंग म्हणतात. हे कळल्यावर सिल गप्प बसला नाही. त्याने हिशेब मागायला सुरुवात केली, वकील गाठले, १९९४ मध्ये नवा अल्बम काढून पुन्हा उभा राहिला.

कायदा कसा चालतो ते आता पाहा. सायप्रस हिल या रॅप गटाने आपलं गाणं वापरलं म्हणून सिल फेडरल कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधी केलेल्या ध्वनिमुद्रणाला फेडरल कॉपीराइटचं संरक्षणच नाही. दावा गेला, वर समोरच्यांच्या वकिलांचा खर्चही त्याच्यावर बसला. २०११ मध्ये अपील कोर्टानेही हेच कायम केलं. म्हणजे सोल संगीताचा जो सुवर्णकाळ, साठचं दशक, तेच नेमकं कायद्याच्या कुंपणाबाहेर! तारीख तटस्थ दिसते. पण तिचा फटका कुणाला बसतो ते पाहिलं की तटस्थपणाचा रंग कळतो. अशा जुन्या ध्वनिमुद्रणांना फेडरल संरक्षण देणारा कायदा व्हायला २०१८ उजाडावं लागलं.

तरी म्हातारा हटला नाही. २०११ मध्येच कान्ये वेस्ट आणि जे-झी यांच्या ‘द जॉय’ या गाण्यात आपला आवाज वापरल्याबद्दल त्याने आणि न्यूमेरो ग्रुप या शिकागोच्या कंपनीने दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. याच न्यूमेरोने २०१० मध्ये त्याच्या जुन्या गाण्यांचा मोठा संच काढला होता आणि त्याला ग्रॅमीची दोन नामांकनं मिळाली होती. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर हे कौतुक वाट्याला आलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सिलचा तुकडा उचलणाऱ्यांत गोऱ्या कंपन्या होत्या, तसे काळे कलावंतही होते. त्यातले काही तर काळ्यांच्या लढ्याचीच गाणी गात होते. आपल्याच माणसाचा आवाज आपल्याच लढ्यासाठी वापरला, मग पैसे कसले मागतोस? हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं ना?

आपल्याकडे रोज ऐकू येतं. चौदा एप्रिलच्या वर्गणीत डीजेचा आकडा आधी ठरतो. मंडप, लायटिंग, बॅनर, बॅनरवरचे फोटो, सगळ्याचा आगाऊ चुकारा होतो. गायन पार्टीची बिदागी मात्र ‘बघू नंतर, समाजाचं काम आहे’. गायकाने तोंड उघडलं की तो चळवळ विकायला निघाला असा शिक्का बसतो. त्याच रात्री पोरं त्याचं गाणं मोबाईलवर टिपतात, त्यावर रील टाकतात. रीलवर टाकणाऱ्याचं नाव, गाडीचा फोटो, मंडळाचं नाव असतं. ज्याने शब्द लिहिले त्याचं नाव नसतं.

यावर ठरलेला आक्षेप आहे. वामनदादांनी कुठे पैशासाठी लिहिलं? भीमराव कर्डकांचा जलसा काय कमाईसाठी होता? मान्य, नव्हता. त्यांनी दिलं ते स्वखुशीने दिलं. पण देणाऱ्याचा त्याग हा घेणाऱ्याचा हक्क होत नाही. आणि विना मोबदला राबण्यात पुण्य आहे, ही शिकवण आंबेडकरी नाहीच. ती गावगाड्याची आहे. हलगी वाजवा, सांगावा न्या, मेलेलं ढोर ओढा, आणि खळ्यावर मिळेल ते मुकाट घ्या. वर त्याला मान म्हणा, वतन म्हणा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते कशासाठी? माणसाला चोवीस तास राबवायचं आणि मजुरी ठरवायची नाही, ही गुलामी मोडण्यासाठी. शाहिराला फुकट गाऊन घेणं हे त्याच वतनाचं नवं रूप आहे. फरक इतकाच की आता त्यावर निळा झेंडा लावलाय.

लताबाईंचं नाव मी सुरुवातीला उगाच घेतलं नाही. साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून त्या भांडल्या, त्यावरून मोहम्मद रफींशी वर्षानुवर्षं अबोला धरला. त्यांना कुणी ‘कला विकणारी’ म्हणालं नाही. हक्क मागितला तर मोठेपण, आणि आपल्या वस्तीतल्या गायकाने मागितला तर हावरटपणा? हा निकष कुठून आला, ते स्वतःलाच विचारा.

कायदा आपल्या हातात आहे. भारतात गीतावरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. वामनदादा २००४ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार आणि संगीतकाराने गाणं कंपनीला दिलं तरी रॉयल्टीतला त्याचा वाटा तोडता येत नाही. पण कोऱ्या कागदावर सही करून, एकरकमी दोन नोटा घेऊन घरी जाणाऱ्या गायकाला हे सांगणार कोण? आपल्यात वकील कमी आहेत का?

म्हणून या जयंतीपासून चार गोष्टी करा. गाणं सुरू होण्याआधी माईकवरून कवीचं नाव घ्या. रील टाकताना ते लिहा. गायन पार्टीचं मानधन डीजेच्या आधी ठरवा आणि त्याच रात्री द्या. तुमच्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या शाहिराकडे एका वकील मित्राला घेऊन जा, त्याच्या वह्या, कॅसेटी आणि सह्या केलेले कागद बघा, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीत त्याची नोंदणी करून द्या. हे काम पुतळ्याला हार घालण्याइतकं फोटोजोगं नाही. पण ते जास्त आंबेडकरी आहे.

सिल जॉन्सनने म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, कारण तरुणपणी त्याच्या बाजूने कुणी कागद वाचला नव्हता. आपल्या शाहिराच्या बाजूने तो आपण वाचायचा की त्याच्या शोकसभेत त्याचंच गाणं, त्याचं नाव न घेता, पुन्हा एकदा फुकट वाजवायचं?

जय भीम!